स्मृति गेली, मग उरलें कोण?

या सदरांत घरगुती गोष्टी मांडण्याचा आमचा परिपाठ नाहीं. घरांतलें घरांत राहावें, हें आमचें जुनें मत असून तें बदलण्यास अद्याप कारण पडलेलें नाहीं. परंतु गेल्या दोन महिन्यांत आमच्याच माजघरांत एक प्रश्न असा येऊन बसला कीं, त्याच्या उत्तरासाठीं आम्हांस न्यायसूत्रांपासून कान्हेरीच्या डोंगरापर्यंत हिंडावें लागलें. आणि वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादें तरी पिकलें पान असल्यामुळें हा प्रश्न आज ना उद्यां त्यांच्याही दारीं येणारच, असें समजून तो येथें मांडीत आहों.

आमच्या थोरल्या काकू यंदा ८६ वर्षांच्या झाल्या. त्यांस मूलबाळ नाहीं. आमची आई अकालीं गेल्यावर आम्हां भावंडांस त्यांनींच वाढविलें. सात वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याचें लग्न झालें. गृहप्रवेशाच्या संध्याकाळीं काकूंनीं आपल्या हातांतील दोन सोन्याच्या पाटल्या सर्वांस दाखविल्या आणि नव्या सूनबाईकडे बोट करून "माझ्यामागें ह्या हिच्या" असें सांगितलें. त्या वेळीं त्यांची बुद्धि इतकी स्वच्छ होती कीं, वाण्याच्या यादींतील बेरजेची चूक त्या ऐकतां ऐकतां काढीत. पुढें तीन वर्षांनीं विसर पडूं लागला. आधीं किल्ल्या गेल्या, मग तिथिवार गेले, मग माणसें गेलीं. हल्लीं त्या आम्हांस आमच्या वडिलांच्या नांवानें हाक मारितात, आणि जी सूनबाई त्यांस न्हाऊं घालते, वेणी घालते, घांस भरविते, तिच्याकडे पाहून विचारितात, "ही परकी बाई कोण?" पाटल्यांचा विषय निघो न निघो, दिवसांतून दोनदां तरी त्या बजावितात कीं, ह्या हिच्या हातीं पडूं देऊं नका, ह्या आक्काच्या आहेत. आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. तिला जाऊन चाळीस वर्षें होऊन गेलीं.

इतक्यावर सर्व निभावून जात होतें. परंतु काकूंचें मनगट वाळलें, आणि एके दिवशीं एक पाटली हातांतून निसटून नाहींशी झाली. ती दुसऱ्या दिवशीं पिठाच्या डब्यांत सांपडली. तेव्हां पाटल्या काढून ठेवाव्या हें उघड झालें. पण कोणाच्या म्हणून ठेवाव्या? पुतण्याचें मत असें कीं, सात वर्षांपूर्वींचा शब्द तोच खरा. तो म्हणाला, "काका, बोलली ती आजी आतां राहिलेली नाहीं. आतां जी बोलते तिच्या बोलण्याला काय धरायचें?" यावर आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते कधीं नव्हे ते चढ्या आवाजांत म्हणाले, "ती राहिली नाहीं म्हणतोस, तर रोज सकाळीं वाकून नमस्कार कोणाला करतोस?" दादांच्या मतें पाटल्या जिच्या हातांत आहेत, तिचा आजचा शब्दच शेवटचा. सूनबाई या वादांत एकदांच बोलली, आणि तेंही एवढेंच कीं, तें सगळें पीठ दोनदां चाळून घ्यावें लागलें.

कायद्याचें म्हणाल, तर त्याचें उत्तर आखडतें आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, याच्या ५९ व्या कलमाप्रमाणें मृत्युपत्र करणाऱ्याचें चित्त ठिकाणावर असलें पाहिजे; ज्याचें चित्त एरवीं ठिकाणावर नसतें, त्यालाही मध्येंच शुद्धि आलेल्या अवधींत तें करितां येतें. दादांनीं एका कागदावर मसुदा करून ठेविलाही. परंतु शुद्धीची ती घटिका यावी कशी आणि ओळखावी कोणीं? शिवाय आमच्या घरांतला वाद सोन्याचा नव्हताच. पुतण्या व दादा ज्यावर भांडत होते, तो प्रश्न या देशांत अडीच हजार वर्षें भांडला गेलेला आहे: काल बोलला आणि आज बोलतो तो एकच कोणी आहे काय?

आम्ही अंधेरीस पूर्वेकडे राहतों. तेथून महाकालीचीं लेणीं जवळच. त्यांचें जुनें नांव कोंडिवटें. लोक महाकाली म्हणतात म्हणून तीं देवीचीं, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तीं बौद्धांचीं आहेत, आणि संख्येनें एकोणीस. नवव्या लेण्यांत एक गोल खोली कोरून आंत स्तूप ठेविला आहे व खोलीच्या भिंतीस दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत. तेथें ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील तो लेख सांगतो कीं, गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानें आपल्या भावासह येथें विहाराचें दान केलें. दात्याच्या नांवाच्या वाचनाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. गोत्राविषयीं मात्र वाद नाहीं.

एका रविवारीं पुतण्यास घेऊन आम्ही तेथें गेलों. लेख पाहून तो म्हणाला, "ब्राह्मणानें आणि बौद्धांना?" आम्हांसही तेंच नवल वाटत आलें आहे. जो गृहस्थ प्रत्येक संकल्पांत आपलें नांव व गोत्र उच्चारून अमुक मी अमुक करितों असें म्हणत असेल, त्यानें भावाला बरोबर घेऊन अशा भिक्षूंस घर बांधून द्यावें कीं, ज्यांच्या मतें त्या 'मी' च्या मागें कोणी उभाच नाहीं! दोघां भावांची याविषयीं घरीं काय बोलाचाली झाली असेल, तें लेखांत नाहीं. दगडावर दानें कोरतात, बोलाचाली कोरीत नाहींत.

परंतु बौद्धांचें म्हणणें आमच्या पुतण्यास वाटलें तसें नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आणून देणें अवश्य होतें. मिलिंद नांवाचा यवन राजा व नागसेन भिक्षु यांचा संवाद पाली ग्रंथांत प्रसिद्ध आहे. त्यांतील रथाचा दृष्टान्त बहुतेकांस ठाऊक असतो: चाकें, आंस, जूं यांवेगळा रथ म्हणून दाखवितां येत नाहीं, तसा देह, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान यांवेगळा नागसेन दाखवितां येत नाहीं. येथें वाचणारा पुस्तक मिटतो आणि आत्मा नाहीं, तर मग जबाबदारीही नाहीं, असा निकाल देतो. पण मिलिंदानें पुस्तक मिटलें नाहीं. त्यानें नेमका हाच प्रश्न टाकला, आणि नागसेनानें उत्तरादाखल चोराची गोष्ट सांगितली. एकानें दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. धरल्यावर तो म्हणूं लागला कीं, याणें लाविली ती कोय निराळी, मीं नेले ते आंबे निराळे. राजानें त्यास सोडावें काय? दुसरी गोष्ट गवळ्याची. एकानें दुधाचें भांडें विकत घेतलें व उद्यां नेतों म्हणून गवळ्यापाशींच ठेविलें. रात्रींतून दुधाचें दहीं झालें. दुसऱ्या दिवशीं तो दहीं घेईना. म्हणे, माझें दूध आण. नागसेनाच्या मतें निकाल गवळ्याकडून. कारण दहीं दूध नव्हे हें खरें, पण तें दुसऱ्या कोठूनही आलेलें नाहीं.

लेण्याच्या पायरीवर बसून हें ऐकल्यावर पुतण्या कांहीं वेळ गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ती आजी नाहीं, असें बौद्धही म्हणूं देत नाहींत." देत नाहींत. तीच आहे असेंही म्हणूं देत नाहींत. रात्रीच्या पहिल्या प्रहरांतील ज्योत आणि पहाटेची ज्योत यांस एक म्हणतां येत नाहीं, आणि दिवा मात्र रात्रभर जळत असतो. आमच्या मतें यांत एक मोठी सोय आहे: दिलेला शब्द पाळण्यासाठीं शब्द देणारा नित्य असण्याची गरज बौद्धांस वाटत नाहीं. प्रवाह पुरतो.

याहून सूक्ष्म गोष्ट बोरिवलीस, कान्हेरीच्या डोंगरांत आहे. तेथें शंभरांहून अधिक लेणीं आहेत, हें शाळेच्या सहलीनें जाऊन आलेलें कोणतेंही मूल सांगेल. परंतु तेथें राहणारे भिक्षु कोणत्या पंथाचे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळीं गजसेन नांवाच्या व्यापाऱ्यानें आपल्या भावासह करविला (पुन्हां दोन भाऊ, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल), आणि तो भद्रायणीय आचार्यांस दिला, असें तेथील लेखावरून दिसतें. आतां हे भद्रायणीय म्हणजे वात्सीपुत्रीयांची शाखा. आणि वात्सीपुत्रीय हे बौद्धांतले पुद्गलवादी! त्यांचें म्हणणें असें कीं, स्कंध आहेत आणि पुद्गलही, म्हणजे व्यक्तिही, आहे. परंतु ती स्कंधांहून वेगळी म्हणतां येत नाहीं आणि तेच म्हणतां येत नाहीं. अग्नि आणि सरपण यांसारखें तें नातें. सरपणावेगळा अग्नि कोणीं पाहिला? पण सरपण म्हणजेच अग्नि, असें म्हणून कोणी चुलींत हात घालीत नाहीं.

हे लोक आधाराला बुद्धाचेंच एक वचन घेत. त्यांत पंचस्कंधांस ओझें म्हटलें आहे, आणि ओझें वाहणारा कोण, तर अमुक नांवाचा, अमुक गोत्राचा हा माणूस, असा त्याचा आशय आहे. नांव आणि गोत्र! कोंडिवट्याच्या त्या गौतम गोत्र्यास हें ऐकून बरें वाटलें असतें. वसुबंधूनें आपल्या अभिधर्मकोशाच्या शेवटच्या प्रकरणांत या मताची फार कडक झडती घेतली आहे आणि तर्काच्या बाजूनें तिचें वजन मोठें आहे. तरीही आम्ही कबूल करितों कीं, काकूंच्या खोलीच्या दारांत उभें राहिलें म्हणजे आमचें मन वसुबंधूकडे जात नाहीं, भद्रायणीयांकडे जातें. आठवण हें सरपण. तें ओलें झालें, संपत आलें. धूर फार आहे. पण घरांत कोणी तरी जळतें आहे.

कोंडिवट्याहून जोगेश्वरीचें लेणें सरळ रेषेंत सुमारें दोन किलोमीटर. तें शैव असून सहाव्या शतकांतलें मानितात. सभोंवतीं दाट वस्ती, आंत ओल. तरी दारावर झिजलेला लकुलीश ओळखूं येतो. बोरिवलीच्या मंडपेश्वरांतही लकुलीश आहे. त्या लेण्यांत सोळाव्या शतकांत पोर्तुगीज पाद्र्यांनीं प्रार्थनामंदिर केलें, तो इतिहास निराळा. लकुलीशाच्या पाशुपत मतांत जीवास 'पशु' म्हणतात आणि ईश्वरास 'पति'. पशु पाशांत बांधलेला, आणि त्याच्या दुःखाचा अंत पतीच्या प्रसादानें. येथवर कोणाही भाविकास पटेल. परंतु त्यांचें एक व्रत चमत्कारिक होतें. साधनेच्या एका टप्प्यावर पाशुपत आपलीं सर्व चिन्हें लपवून लोकांत जाई आणि मुद्दाम वेड्यासारखा वागे: जागा असून घोरे, अंग कांपवी, लंगडे, असंबद्ध बोले. लोक हंसत, शिव्या देत. शिव्या देणाऱ्यांचें पुण्य याच्याकडे व याचें पाप त्यांच्याकडे जातें, असा त्यांचा हिशेब असे.

काकू व्रत करीत नाहींत, हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु रस्त्यानें जाणाऱ्यास तें कसें कळावें? ज्यास आपण भ्रमिष्ट म्हणून हंसलों, त्याच्या आंत लख्ख जागा असलेला कोणी बसला असेल, ही शंका त्या काळीं अंधेरी-जोगेश्वरीच्या वाटेवर कोणाच्याही मनांत येऊं शकत होती. आज ती शंका कोणास येत नाहीं. पाहुणे येतात आणि काकूंच्या देखत, त्या भिंत असल्यासारखे, विचारितात, "यांना कांहीं कळतें का हो?"

आतां ज्या शास्त्रानें आमच्या घरच्या प्रश्नास सर्वांत अधिक उजेड दिला, त्याकडे वळतों. तें न्यायशास्त्र. न्यायसूत्रांत आत्म्याचीं सहा लिंगें, म्हणजे ओळखीच्या खुणा, सांगितलीं आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. स्मृति ही सहाव्या खुणेचा एक भाग. काकूंची स्मृति गेली असें आपण म्हणतों तेव्हां सहाव्यांतील अर्धेंमुर्धें गेलें. पहिल्या पांच खुणा जशाच्या तशा आहेत. त्यांस गोड हवें असतें, कढत पाणी नको असतें, पदराची गांठ सोडविण्याचा त्या अर्धा अर्धा तास प्रयत्न करितात. न्यायाच्या दृष्टीनें ही व्यक्ति पुरती हजर आहे.

याच सूत्रांत पुढें आत्मा सिद्ध करण्यासाठीं एक युक्ति दिली आहे, ती स्वयंपाकघरांतली आहे. आंबट फळ डोळ्यांनीं पाहिलें असतां जिभेला पाणी सुटतें. पाहिलें डोळ्यानें, पाझरली जीभ. तेव्हां दोघांचा धनी एक, आणि त्यास पूर्वींची चव ठाऊक आहे. वैशाखांत सूनबाईनें कैरीची फोड काकूंच्या पुढें केली. 'कैरी' हा शब्द त्यांस आठवेना; त्या तिला "तें हिरवें" म्हणाल्या. पण तोंडाला पाणी सुटलें, तें पदरानें पुसावें लागलें. भाष्यकार वात्स्यायन इच्छेविषयीं हेंच सांगतात: जें पूर्वीं सुखाचें वाटलें, तेंच पुन्हां हवेंसें वाटतें, म्हणून प्रत्येक इच्छेच्या पोटांत एक जुनी ओळख दडलेली असते. शब्द हरवला तरी ओळख हरवत नाहीं.

नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात. अनुभवाचा संस्कार आत्म्यांत राहतो, परंतु तो आपण होऊन वर येत नाहीं. त्यास जागें करणारें कांहीं तरी लागतें. अशा जागें करणाऱ्या निमित्तांची यादी सूत्रांत आहे. सादृश्य, सहवास, अभ्यास, क्रम, भय, गरज, माया, अशीं वीसांहून अधिक निमित्तें तींत आलीं आहेत. आमच्या सूनबाईनें न्यायसूत्रें वाचलेलीं नाहींत. ती संगणकाच्या कचेरींत नोकरी करिते. परंतु तिन्हीसांजेला दिवा लावून ती पर्वचेची पहिली ओळ म्हणते आणि थांबते. पुढचें सर्व काकू बिनचूक म्हणतात. हा त्या यादींतला 'क्रम' आणि 'अभ्यास'.

येथवर सर्व सुरेख झालें. पण पांच खुणांत द्वेषही आहे, आणि अडचण ती आहे. काकूंचा सूनबाईवरील राग खरा आहे. तो येतो तेव्हां त्यांचे ओंठ थरथरतात, त्या रडतात. 'त्या बोलत नाहींत, त्यांचा रोग बोलतो,' असें म्हणून आमचा पुतण्या तो राग बाजूस सारूं पाहतो. तें न्यायास धरून नाहीं. इच्छा त्यांची म्हणून कैरी देतां, तर द्वेषही त्यांचाच. मात्र द्वेष जुन्या दुःखांतून उपजतो, आणि सूनबाईनें तर दुःख दिलेलें नाहीं. मग हा राग कोणावर? आमची समजूत अशी कीं, काकूंस सूनबाईच्या जागीं दुसरेंच कोणी दिसतें; कदाचित् साठ-पासष्ट वर्षांपूर्वींच्या एखाद्या घरांतलें कोणी, ज्याची कथा आतां सांगणारेंही उरलें नाहीं. शिंपल्यावर रुपें दिसावें तसें हें विपरीत ज्ञान. दुःख खरें, माणूस चुकलेलें. तेव्हां सूनबाईविषयीं निवाडा म्हणून काकूंचा आजचा शब्द घेतां येत नाहीं. पण त्यांच्या हातांतून सोनें काढलें असतां त्यांस होणारें दुःख हें पुरतें खरें आहे, आणि तें मोजावेंच लागेल. पुतण्याचें अर्धें बरोबर, दादांचें अर्धें. आणि आम्हांस वाटतें, दोघांचीं चुकलेलीं अर्धीं एकच होतीं: दोघांसही काकूंचें म्हणणें फक्त निकाल म्हणून हवें होतें.

वेदान्ताचें काय, असें वाचक विचारतील. बहुतेक घरांत हाच प्रश्न वेदान्तानें सोडविला जातो: आत्मा नित्य आहे, देहाला रोग होतो, आत्म्याला कांहीं होत नाहीं. हें खरें असेल. पण तें किती महाग पडतें, हें पाहिलें पाहिजे. गीतेच्या तेराव्या अध्यायांत इच्छा, द्वेष, सुख, दुःख हीं क्षेत्रांत, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या शेतांत, घातलीं आहेत. जाणणारा क्षेत्रज्ञ निराळा. तेथें भाष्य करितांना श्रीशंकराचार्यांनीं वैशेषिकांस स्पष्टच सांगितलें आहे कीं, ज्यांस तुम्ही आत्म्याचे गुण म्हणतां, ते क्षेत्राचेच धर्म होत. म्हणजे नैयायिकांनीं ज्या पांच खुणांवर काकूंस ओळखलें, त्या सर्व बाहेर पडल्या. उरला तो निव्वळ साक्षी. तो काकूंचा म्हणून वेगळा ओळखतां येत नाहीं. त्यास पाटल्या नाहींत, पुतणे नाहींत. आणि मौज अशी कीं, ब्रह्मसूत्रभाष्यांत बौद्धांचें क्षणिकत्व खोडून काढतांना आचार्यांनींही स्मृतीचाच आधार घेतला आहे: ज्यानें पाहिलें तोच आठवतो, म्हणून तो एक. ही मौज आम्ही अवमान म्हणून सांगत नाहीं. खंडनापुरतें एक हत्यार आणि मुक्कामाला दुसरी जागा, असें मोठ्या वादांत होतें.

या ठिकाणीं आम्हांस छांदोग्यांतला इंद्र आठवतो. प्रजापतीकडे आत्मा शिकण्यास इंद्र आणि विरोचन दोघे गेले. पाण्यांत दिसणारें रूप तोच आत्मा, असें ऐकून विरोचन संतुष्ट होऊन घरीं गेला. इंद्र अर्ध्या वाटेवरून परत आला. पुन्हां शिकला, पुन्हां परत आला. तिसऱ्या खेपेस त्यास सांगितलें गेलें कीं, गाढ झोंपेंत स्वप्नही न पाहणारा, तोच आत्मा. त्यावर इंद्राची तक्रार अशी होती: या अवस्थेंत तर हा 'मी अमुक' असेंही जाणत नाहीं, हे भोंवतालचे कोण तेंही जाणत नाहीं, हा नाहींसाच झाल्यासारखा आहे, यांत मला कांहीं भलें दिसत नाहीं. आमच्या घरच्या दुःखाचें याहून नेमकें वर्णन आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं. आणि प्रजापति रागावला नाहीं. त्यानें इंद्राचें म्हणणें मान्य केलें आणि आणखी पांच वर्षें राहण्यास सांगितलें. सर्व मिळून १०१ वर्षें झालीं. आमच्याकडे सांत्वनास येणारी मंडळी तिसऱ्या उत्तराशींच थांबतात व चहा घेऊन जातात.

मध्ययुगांतील आचार्यांस ही बोंच लागलेली दिसते. रामानुजाचार्यांनीं निव्वळ साक्षी पत्करला नाहीं. 'मी' हीच आत्म्याची जात, गाढ झोंपेंतही ती मंद असते, आणि जीवाचें ज्ञान कर्मामुळें आंखडतें व पसरतें, नाहींसें होत नाहीं, असें त्यांचें मत. जैनांचें मत याच्या शेजारचें. घाटकोपरचे आमचे एक स्नेही काकूंस पाहण्यास आले असतां तें फार सोपें करून सांगून गेले: ज्ञानावरणीय कर्म कितीही दाटलें तरी जीवाच्या ज्ञानाचा एक अत्यंत बारीक अंश उघडाच राहतो, तोही झांकला जाईल तर जीव अजीव होईल. ढग कितीही दाटले तरी दिवस आहे कीं रात्र, एवढें कळतेंच ना, असें ते म्हणाले. महानुभावांनीं जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार अनादि पदार्थ मानून जीवास वेगळें ठेविलें. आणि ज्ञानदेवांनीं, ज्यांची ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें पुरी झाली, अमृतानुभवांत वादाचें तोंडच फिरविलें: ज्ञान आणि अज्ञान या दोहोंच्या पलीकडे वस्तु आहे, आरसा काढून घेतला म्हणून मुख नाहींसें होत नाहीं. आमच्यासारख्यांची तक्रार एवढीच कीं, आम्ही काकूंस आरशांतच पाहत आलों.

पश्चिमेकडे लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें १६९४ सालीं असें मांडलें कीं, जेथवर स्मृति पोंचते तेथवरच ती व्यक्ति. या मापानें सात वर्षांपूर्वीं वचन देणाऱ्या काकू आणि आजच्या काकू या दोन ठरतात, आणि आमच्या पुतण्याच्या डोक्यांत, त्यास नकळत, हाच लॉक बसला होता. डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें तें असें: अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं प्रथम वर्णिलेल्या या रोगांत मेंदूचा नव्या आठवणी सांठविणारा भाग आधीं झिजतो, हाताच्या संवयी, सूर, माया व भय हीं पुष्कळ काळ टिकतात. म्हणून पर्वचा राहिली आणि सूनबाई गेली. चार्वाकास हें ऐकून समाधान वाटलें असतें. आम्हांस तें यादींतल्या 'अभ्यासा' ची साक्ष वाटलें.

घरीं परत आल्यावर निकाल शास्त्रानें लागला नाहीं. आमच्या कुटुंबानें तोड काढली. पाटली सैल झाली म्हणजे तिला आंतून दोरा गुंडाळण्याची जुनी रीत आहे. त्याप्रमाणें दोन्ही पाटल्यांस लाल दोरा गुंडाळला, आणि त्या काकूंच्या हातांतच राहिल्या. त्यांच्या हयातींत कोणीं काढावयाच्या नाहींत. त्यांच्यामागें सात वर्षांपूर्वींचा शब्द. दादांनीं हें मान्य केलें, परंतु आपला मसुदा फाडला नाहीं. तो कपाटांत आहे, सहीवांचून. पुतण्या म्हणाला कीं, हें तर दोघांचेंही राखलें. तें खरें आहे, आणि काकूंचा राग त्यानें गेला नाहीं, हेंही खरें आहे.

दोरा पाण्यानें मळतो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनीं तो सूनबाई बदलते. त्या वेळीं पाटली क्षणभर हातांतून काढावी लागते, आणि काकू ओरडतात. परवां त्या ओरडल्या नाहींत. दोरा गुंडाळणाऱ्या बोटांकडे त्या बराच वेळ पाहत होत्या, मग म्हणाल्या, "घट्ट गुंडाळ ग, आक्का."

सूनबाईनें घट्ट गुंडाळला.